एचआयव्हीचं काम वस्तीत उभं करायचंय? पैशाची जुळणी अशी करा

समजा, मंगळवारी वस्तीत तपासणी झाली आणि एका ताईची चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली. म्हणजे एचआयव्हीची शक्यता दिसली. पक्क्या निदानासाठी तिला आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन केंद्रात) न्यायचं, तिथून एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला) नाव घालायचं. ती एकटी जाणार नाही. सोबत पिअर जाते, म्हणजे वस्तीतलीच, संस्थेसाठी मानधनावर काम करणारी बाई. दोघींचं एसटीचं भाडं, स्टँडपासून सिव्हिलपर्यंत रिक्षा, केसपेपर, दुपारी वडापाव आणि चहा. रांगेत दिवस गेला म्हणजे दोघींचा त्या दिवसाचा धंदा बुडाला. काही दिवसांनी पुन्हा तीच फेरी. औषध फुकट आहे, २००४ पासून सरकारी केंद्रात फुकटच मिळतं. पण औषधापर्यंत पोचायचा रस्ता फुकट नाही. त्या रस्त्याचा पैसा आणायचं काम संस्थेचं.

मी बरीच वर्षं प्रपोजल लिहिते, व्हाउचरं तपासते, ऑडिटला बसते. नवीन मुलं-मुली येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "फंडिंग कुठून मिळेल?" मी त्यांना उलट विचारते, "फंडिंग थांबलं तर पहिल्यांदा कोणाचं मानधन थांबेल?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: वस्तीतल्या पिअरचं. सगळं काम जिच्या ओळखीवर उभं, तिचंच पाकीट आधी रिकामं होतं. तसं होऊ नये म्हणून पैशाची मांडणी पहिल्या दिवसापासून कशी करायची, ते इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: माणसं मोजा, मग पैसे

प्रपोजलच्या आधी यादी लागते. सरकारी भाषेत 'अतिजोखमीचे गट' म्हणजे धंदा (देहविक्री) करणाऱ्या बायका, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे. ट्रकवाले आणि स्थलांतरित मजूर हे त्यांच्या जोडीने येणारे गट. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की हे चित्र दर हंगामाला बदलतं. म्हणून एकदा मोजलं आणि झालं, असं होत नाही.

मोजणी वस्तीतल्या माणसांनीच करायची. कोणता नाका, कोणता लॉज, कोणत्या ढाब्याच्या मागे, किती वाजल्यानंतर, हे बाहेरच्याला कधीच कळत नाही. कागदावर नकाशा काढायला बसवा. घरवाली (कुंटणखाना चालवणारी), गुरू (तृतीयपंथीयांच्या घराची प्रमुख), पानटपरीवाला यांच्याशी आधी बोला. त्यांना डावलून गेलात तर दुसऱ्या दिवशी वस्ती बंद झालेली दिसेल.

मग आकडे कसे बोलू लागतात बघा. यादीत ३०० बायका आहेत. साधारण ६० जणींमागे एक पिअर धरतात, म्हणजे ५ पिअर. प्रत्येकीची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सहा महिन्यांतून एकदा, म्हणजे वर्षाला ६००, महिन्याला ५०. गुप्तरोगाची तपासणी तीन महिन्यांतून एकदा, म्हणजे महिन्याला १००. बायका सांगतात की दिवसाला सरासरी तीन गिऱ्हाइकं आणि महिन्याला वीस दिवस काम. मग एकीला ६० निरोध आणि ३०० जणींना महिन्याला १८,००० लागतील. हा हिशेब हातात असला की निधी देणाऱ्यासमोर बोलणं सोपं जातं. "जनजागृती करू" या वाक्याला कोणी पैसे देत नाही, आणि खरं तर देऊही नयेत.

दुसरी पायरी: कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्रात संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायची. सोसायटी म्हणून नोंदवली तरी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद लागतेच. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट लगेच दाखल करा. तो वर्षानुवर्षं पडून राहतो आणि नेमका निधी मंजूर व्हायच्या वेळी बँक सह्या अडवते, हे मी फार वेळा पाहिलं आहे. आयकर खात्याची नोंदणी लागते, जिला सगळे १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणतात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव घाला. कंपन्यांचा सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीचा) पैसा हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्या. एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी तुम्हाला सीएसआरचा पैसा देऊ शकत नाही.

कार्यकारिणीत वस्तीतली माणसं किती, हे मात्र कागदापेक्षा मोठं आहे. समाजाची स्वतःची संस्था आणि समाजासाठी काम करणारी संस्था यात फरक असतो. सांगलीत 'संग्राम'ने १९९२ मध्ये काम सुरू केलं आणि त्यातून धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. तिथे निर्णय बायकांचे असतात. तुमच्या प्रोसिडिंग बुकात वस्तीतल्या बाईचा अंगठा फक्त उपस्थितीपुरता आहे की ठराव तिने मांडलाय, ते एकदा उघडून बघा.

तिसरी पायरी: सरकारी दार

आपल्याकडे या कामाचा सगळ्यात मोठा निधी सरकारचा आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा नॅकोकडून (केंद्राच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडून) राज्यांच्या सोसायट्यांकडे येतो. मुंबईत मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था, बाकी महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, गोव्यात गोव्याची वेगळी. त्यांच्याकडून संस्थांना जो प्रकल्प मिळतो त्याला सगळे 'टीआय' (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे अतिजोखमीच्या गटांसाठीचा प्रतिबंध प्रकल्प) म्हणतात.

रस्ता असा असतो. सोसायटी जाहिरात काढते. तुम्ही अर्ज आणि कागद देता. आधी टेबलावर छाननी होते, मग पथक प्रत्यक्ष भेटीला येतं: ऑफिस बघतं, हिशेब बघतं, वस्तीत जाऊन बायकांशी बोलतं. मग समितीची मंजुरी आणि करार. जाहिरातीत अनुभवाची आणि नोंदणीच्या वर्षांची अट असते. ती नीट वाचा आणि बसत नसाल तर खोटा अनुभव दाखवू नका. त्याऐवजी आधीपासून टीआय चालवणाऱ्या संस्थेकडे वर्षभर पिअर म्हणून, आउटरीच वर्कर (वस्तीत फिरून काम करणारा कार्यकर्ता) म्हणून काम करा. ते वर्ष वाया जात नाही.

टीआयमध्ये कर्मचाऱ्यांचे पगार, पिअरचं मानधन, ड्रॉप-इन सेंटरचं (बायकांनी येऊन बसायच्या जागेचं) भाडं, प्रवास असे ठरलेले रकाने असतात. निरोध आणि गुप्तरोगाच्या औषधांची किट्स सोसायटीकडून वस्तूरूपात येतात. या रकान्यांचे दर यादीतल्या संख्येप्रमाणे ठरतात, म्हणून पहिल्या पायरीची मोजणी खरी हवी. फुगवलेली यादी पहिल्या वर्षी बरी वाटते. पण पुढे उद्दिष्ट त्याच आकड्यावर लागतं, आणि नसलेल्या बाईची तपासणी कशी दाखवणार?

जाहिरातीची वाट बघत बसू नका. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये एड्स नियंत्रण पथकाचं ऑफिस असतं, आम्ही त्याला 'डापकू' म्हणतो. तिथल्या बैठकांना जा. तपासणी शिबिरासाठी समुपदेशक आणि किट ते देऊ शकतात. रोख एक रुपया न मिळताही बरंच काम उभं राहतं आणि पुढच्या अर्जासाठी खरा अनुभव जमतो.

चौथी पायरी: बजेटात न बसणारा खर्च आधी लिहा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नवीन संस्था इथेच फसतात. बजेट करताना सगळे निधी देणाऱ्याचा तक्ता उघडतात आणि त्याचे रकाने भरतात. मी कोरा कागद घ्यायला सांगते. वस्तीतल्या चार जणींना बसवायचं आणि गेल्या महिन्यात काय काय झालं ते विचारायचं.

आमच्याकडे अशाच एका बैठकीत एकीने बोटांवर मोजून सांगितलं. रात्री धाड पडली, तिघींना सोडवायला पोलीस स्टेशनला रिक्षा, वकिलाला फोन, सकाळपर्यंत चहा. एकीचं पोर तापाने फणफणलं, तिला एआरटीची तारीख चुकवायची नव्हती, म्हणून दुसरीने पोर सांभाळलं आणि तिचा दिवस बुडाला. एका तृतीयपंथी मैत्रिणीला गुरूने घराबाहेर काढलं, चार रात्री कुठे ठेवायचं? एकीचं आधार कार्ड नव्हतं, म्हणून बँक खातं नव्हतं, म्हणून पिअर म्हणून निवड होऊनही मानधन जमा होईना.

शेवटचं उदाहरण नीट बघा, त्याला उपाय आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धंदा करणाऱ्या बायकांना राहण्याचा पुरावा नसला तरी आधार मिळालं पाहिजे. त्यासाठी नॅकोचा राजपत्रित अधिकारी किंवा राज्य सोसायटीचा प्रकल्प संचालक ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देऊ शकतो, आणि कार्डावर तिचा व्यवसाय उघड होईल अशी कोणतीही खूण येता कामा नये. हे काम बिनपैशाचं आहे, पण सहा फेऱ्यांचं आहे. त्या सहा फेऱ्यांचा प्रवासखर्च बजेटात लिहिला नसेल तर तो पिअरच्या खिशातून जाणार.

तर हे सगळे खर्च एका बाजूला लिहा. मग प्रत्येकापुढे लिहा: टीआयमध्ये बसतो का, सीएसआरमध्ये मागता येईल का, की देणगीतूनच भागवावा लागेल. हा तीन रकान्यांचा कागद म्हणजे तुमचं खरं बजेट. निधी देणारे बदलतील, तक्ते बदलतील, हा कागद भिंतीवर राहू द्या.

पाचवी पायरी: कंपन्यांकडे जाताना

ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातलं एक जरी असेल तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आरोग्य आणि रोगप्रतिबंध त्यात बसतात. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदाच सांगतो. म्हणून मुंबईच्या मोठ्या नावांमागे पळण्याआधी जवळच्या एमआयडीसीत जा.

अडचण वेगळीच असते. एचआर साहेब आपुलकीने ऐकतात, चहा देतात आणि मग म्हणतात, "मॅडम, विषय जरा नाजूक आहे. मुलांच्या शिक्षणाचं काही आहे का?" रागावू नका. काहीतरी मागायचंच असेल तर चौथ्या पायरीच्या कागदावरचं, एका वाक्यात मावणारं मागा: एआरटीला जाणाऱ्यांचा वर्षाचा प्रवास, ड्रॉप-इन सेंटरचं पाणी आणि संडास, वस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर. ही कामं एचआयव्हीचीच आहेत. रात्री पोर सुरक्षित असेल तर आई गिऱ्हाइकाशी निरोधसाठी घाई न करता बोलू शकते, हे साहेबांना वस्तीतल्या बाईनेच सांगू द्या. पण विषय लपवून पैसे घेऊ नका. प्रपोजलमध्ये 'गरजू महिला' आणि प्रत्यक्षात दुसरं, हे वर्षाच्या आत उघडं पडतं आणि अपमान बायकांच्या वाट्याला येतो.

कंपनीचं वर्ष मार्चला संपतं. फेब्रुवारीत गेलात तर उरलेला पैसा मिळेल, तोही घाईने खर्च करायचा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर वर्षाचं बोलणं होतं.

सहावी पायरी: परदेशी पैसा

परदेशातून येणाऱ्या पैशाला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ही शेवटची अट लहान संस्थांना सगळ्यात जड गेली. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन दहा छोट्या गटांना वाटायची, तो रस्ताच बंद झाला. म्हणून कोणी सांगितलं की "आमच्या एफसीआरएतून तुम्हाला देतो", तर नम्रपणे नाही म्हणा.

नातेवाईक अमेरिकेत, लंडनमध्ये आहेत आणि मदत करायची म्हणतात, हे आपल्याकडे घरोघरी. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असतील, तर तो परदेशी निधी धरला जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, तो परदेशी निधी होतो. पासपोर्टची प्रत फाइलला लावल्याशिवाय पावती फाडू नका.

परदेशी पैशाबरोबर अटी येतात आणि तो एका रात्रीत थांबूही शकतो. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने त्यांचा एड्स निधी घेणाऱ्या संस्थांना वेश्याव्यवसायाला उघड विरोध करणारं धोरण स्वीकारायला लावलं. 'संग्राम'ने २००५ मध्ये त्या अटीपायी तो निधी सोडून दिला. ज्या बायकांबरोबर काम, त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा हैदराबाद, पुणे आणि कल्याणमधली तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिक बंद पडली. तिथे हार्मोनचा सल्ला, समुपदेशन आणि एचआयव्हीची सेवा एका छताखाली मिळत होती. परदेशी पैसा घ्या, मी नको म्हणत नाही. पण पिअरचं मानधन त्यावर टांगू नका. प्रशिक्षण, अभ्यास, साहित्य, एकदाच लागणाऱ्या वस्तू त्यातून करा.

मोठी परदेशी योजना संपताना काय होतं, हे महाराष्ट्राने आधी पाहिलंय. गेट्स फाउंडेशनचा 'अवाहन' २००३ मध्ये सहा राज्यांत सुरू झाला, त्यात आपलं राज्य होतं. नंतर ते प्रकल्प टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवले गेले. सोपवताना सरकारी दरांशी जुळवून घ्यावं लागतं, हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांचं काम टिकलं.

सातवी पायरी: हप्ता लांबेल, हे गृहीत धरा

आमच्या एका प्रकल्पाचा हप्ता एकदा पाच महिने लांबला. कारण कोणाचं, याचा वाद आता नको. पहिल्या महिन्यात पिअर म्हणाल्या, "येतील पैसे, ताई." दुसऱ्या महिन्यात एकीने कानातली फुलं गहाण टाकली, मला ते नंतर कळलं. तिसऱ्या महिन्यात भाडं थकलं म्हणून घरमालकाने ड्रॉप-इन सेंटरला कुलूप लावलं. निरोधचे बॉक्स आत, बायका बाहेर. पैसे आले तेव्हा आम्ही भाडं आणि मानधन चुकतं केलं. पण यादीतली कित्येक नावं तोवर दुसऱ्या गावाला गेली होती. त्यांत गोळ्या सुरू असलेल्याही होत्या.

तेव्हापासून नियम केला: पिअरचं तीन महिन्यांचं मानधन आणि सेंटरचं तीन महिन्यांचं भाडं वेगळ्या खात्यात पडून असलंच पाहिजे. पाच पिअरच्या प्रकल्पाला ही रक्कम अशक्य नसते. ती प्रकल्पाच्या पैशातून जमवता येत नाही. देणग्या, ८०जीच्या पावत्या, प्रशिक्षण देऊन मिळालेलं मानधन, दिवाळीच्या फराळाची विक्री यातून जमते. वापरायची वेळ आली तर कार्यकारिणीचा ठराव करा, प्रकल्पाला दिलेलं तात्पुरतं उसनं म्हणून कीर्दीत लिहा आणि हप्ता येताच परत वळवा. सीएला आधी विचारून ठेवा, मग ऑडिटला प्रश्न येत नाही.

बचत गट वेगळा ठेवा. बायकांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून जमवलेला पैसा त्यांचा आहे. कितीही अडचण असली तरी प्रकल्पासाठी त्याला हात लावायचा नाही. तो त्यांना सावकारापासून सोडवण्यासाठी आहे. कोलकात्यात सोनागाछीच्या बायकांनी १९९५ मध्ये 'उषा' ही स्वतःची सहकारी संस्था नोंदवली. सहकार कायद्यातली 'चांगल्या चारित्र्या'ची अट आडवी आली, तर त्या अट बदलेपर्यंत अडून बसल्या. व्याजाच्या फासातून सुटलेली बाई निरोध नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवू शकते. एचआयव्ही प्रतिबंधाचा इतका सरळ उपाय मला दुसरा माहीत नाही.

आठवी पायरी: हिशेब ठेवा, पण नावं झाका

रोजची कॅशबुक रोज लिहा. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. प्रत्येक निधीचं लेजर वेगळं. एकच बिल दोन निधींना लावायची चूक बहुतेक वेळा घाईतून होते, पण तिला घोटाळाच म्हणतात.

गोपनीयता मात्र हिशेबाच्याही वर. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. संबंधित माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. म्हणून व्हाउचरवर 'अमुकच्या एआरटीसाठी प्रवास' असं कधीच लिहू नका. 'सोबत प्रवास, कोड क्रमांक' एवढंच लिहा. कोड आणि नावाची वही एकाच माणसाकडे, कुलुपात. ऑडिटरला बघायची असेल तर समोर बसून दाखवा, झेरॉक्स देऊ नका. निधी देणाऱ्यांना 'लाभार्थी'चे फोटो हवे असतात. हातांचा, नकाशाचा, रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या सेंटरचा फोटो द्या. एका कंपनीच्या माणसाने आग्रह धरला तेव्हा आमच्या पिअरनेच त्याला सांगितलं, "साहेब, तुमच्या घरच्या आजारपणाचा फोटो तुम्ही छापाल का?" त्याने पुढच्या वर्षीही पैसे दिले.

सुरुवात करणार असाल तर येत्या सोमवारी दोन कामं करा. वस्तीतल्या दोघींना घेऊन डापकूच्या ऑफिसला जा, तपासणी शिबिराची मागणी लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. येताना वाटेत बँकेत थांबून ते वेगळं खातं उघडायचा फॉर्म आणा. आणि त्या दोघींचं एसटीचं भाडं त्याच दिवशी, त्यांच्या हातात द्या.